मोरीच्या पाण्यावरची केळ

सकाळी साडेसातला माझ्या न्हाणीच्या खिडकीखालून आवाज यायचा, "काय गो, आज तोंड सुकलेलं दिसतं तुझं. काल पाणी नाय मिळालं काय?"

हे मला उद्देशून नसायचं. निदान तसं दाखवायचं तरी नसायचं. खिडकीखाली एक केळ होती आणि माझे घरमालक, म्हणजे काका, तिच्याशी बोलत असायचे. माझ्या मोरीचं पाणी थेट त्या केळीच्या बुंध्याशी जायचं, त्यामुळे मी आंघोळीचा कंटाळा केला, किंवा कपडे साठवून रविवारवर ढकलले, की त्यांना चोवीस तासांत कळायचं. पूर्वी ते थेट विचारायचे म्हणे. एकदा सिस्टरना, म्हणजे माझ्या शेजारच्या खोलीत राहणाऱ्या नर्सबाईंना, त्यांनी सगळ्यांसमोर "तुम्ही दोन दिवस आंघोळ केलेली नाय काय?" असं विचारलं आणि त्यांच्या बायकोनं, काकूंनी, त्यांना अशी तंबी दिली की त्यानंतर त्यांनी भाडेकरणींशी पाण्याबद्दल बोलणंच सोडलं. मग ते केळीशी बोलायला लागले. आवाज मात्र तेवढाच मोठा ठेवला.

काका बोटीवर सारंग होते. मालवाहू बोटींवर तीस-बत्तीस वर्षं खलाशांचा मुकादम म्हणून काढलेली, त्यामुळे हळू बोलणं त्यांना जमायचंच नाही. घरात मीठ मागितलं तरी रस्त्यावरचा माणूस थबकायचा. ठेंगणे, रुंद, गुडघ्यापर्यंतची खाकी चड्डी आणि डोक्याला पंचा. अंगणाला ते डेक म्हणायचे. अंगणात कुणी चप्पल वाकडी काढली तर ती सरळ करून ठेवायचे आणि मग ज्याची असेल त्याला बोलवून ती दाखवायचे.

घर रत्नागिरीत, गावाबाहेर, आरे-वाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला, उघड्या कातळावर. खाली नुसता जांभा, समोर समुद्र, आणि मध्ये वाऱ्याला अडवायला काहीही नाही. तिथे मी खोली बघायला गेले तेव्हा नोकरी लागून आठवडा झाला होता. मराठवाड्यातली मुलगी, कृषी खात्यात नवी कोरी, पदवीची शाई अजून ओली. माझी जात, माझं लग्न, माझं जेवणखाण यातलं काहीही त्यांनी विचारलं नाही. त्यांचा प्रश्न एकच होता. तुझ्या आंघोळीचं पाणी कुठं जातं, याचा कधी विचार केलायस काय?

मी म्हटलं, गटारात.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, खोली गेली. तेवढ्यात काकू आतून आल्या. बारीक, उंच, कमी बोलणाऱ्या. त्यांनी माझ्या हातात ताक दिलं आणि नवऱ्याला सांगितलं की पोरगी उन्हातून आली आहे, परीक्षा उद्या घ्या. पण मी कृषी खात्यात आहे म्हटल्यावर परीक्षा त्याच दिवशी झाली. ते मला परसात घेऊन गेले.

परसात जे होतं ते बघून मला हसू आवरेना. चार मोऱ्या, चार जांभ्याचे पाट, आणि चारही पाट एकाच ठिकाणी जाऊन मिळालेले. तिथे कातळात खोदलेला एक खड्डा आणि त्यात केळींची अशी गर्दी की मुंगीला आत शिरता येऊ नये. चौदा-पंधरा बुंधे, सगळे मनगटाएवढे, सगळ्यांची पानं वाऱ्यानं फाटून झिरमिळ्या झालेली. घड एकाला नाही. नंतर कळलं, कधीच नव्हता.

ही केळ काकूंची होती. लांज्याकडच्या त्यांच्या माहेराहून लग्नानंतर पहिल्या फेरीत त्यांनी एक मुनवा, म्हणजे केळीच्या कंदाला फुटलेलं पिल्लू, फडक्यात गुंडाळून आणलं होतं. मुठेळी जात. काटक, पाण्याला हावरी नाही, कशाही जमिनीत तग धरणारी. काका तेव्हा समुद्रावर. काकूंनी स्वतः टिकाव घेऊन कातळ फोडला, टोपलीनं माती आणून भरली, आणि तांदूळ धुतल्याचं पाणी घालून ती जगवली. दर पावसाळ्यात थोडी वर आली की समुद्रावरचं वारं तिला मोडायचं, आणि दर वर्षी ती बाजूनं नवी पोरं काढायची. असं तीस वर्षं. काका वर्षातून दीड महिना घरी यायचे तेव्हा ती एकतर नुकतीच मोडलेली असायची नाहीतर नुकतीच उगवलेली.

निवृत्त होऊन घरी आल्यावर काकांनी पहिलं काम हे केलं. बोटीवर गोडं पाणी मोजून मिळायचं, तोंड धुतलेल्या पाण्यात बनियन धुवायची सवय. घरी येऊन बघतात तर चार मोऱ्यांचं पाणी कातळावरून वाहून चाललेलं. त्यांनी स्वतः चिरे घडवून पाट बांधले आणि गावातल्या प्रत्येकाला सांगितलं की वर्षाच्या आत बायकोच्या माहेरची केळ घड देणार. त्याला सहा वर्षं झाली होती. गावातले लोक आता त्यांना बघून केळ्यांचा भाव विचारायचे.

"बोल, कृषी," ते म्हणाले. तेव्हापासून माझं नाव तेच पडलं.

मी पुस्तकात वाचलेलं घडाघडा बोलून टाकलं. एक आई आणि एक लेक ठेवायची, बाकी सगळी पिल्लं कोयत्यानं काढायची. खड्डा एक आणि खाणारी पंधरा तोंडं, घड कुठून लागणार? आमच्याकडे ठिबकवर आठव्या महिन्यात केळ निसवते, म्हणजे केळफूल टाकते, हेही मी वर जोडलं.

ते म्हणाले, "तुमच्याकडची केळ सलाइनवरचा पेशंट. सुई काढली की संपली." पण त्यांचा चेहरा उजळला होता. उत्तर त्यांना पटलं होतं. मग त्यांनी एकदम आवाज उतरवला, म्हणजे तो फक्त घरापुरता राहिला, आणि म्हणाले की हे तिला तू सांग.

काकूंना कुणी काही सांगायची गरजच नव्हती, त्या दारात उभ्या होत्या. पोरं कापायची नाहीत, एवढंच म्हणून त्या आत गेल्या. त्यांच्या माहेरी लेकुरवाळ्या केळीला कोयता लावत नाहीत. तीस वर्षं वाऱ्यानं मोडलं ते मोडलं, पण त्यांनी स्वतःच्या हातानं एक पिल्लू कधी काढलं नव्हतं. म्हणजे जिच्यासाठी त्या सगळं करत होत्या, तिचंच तोंडचं पाणी त्यांच्या मायेनं पळवलं होतं. मी कपाळावर हात मारला. सहा वर्षं एवढा गडगडाटी माणूस या एका वाक्यापुढे गप्प बसला होता.

खोली मला मिळाली. काकांना त्या रात्री झोप लागली नसावी, कारण सकाळी मी सामान घेऊन आले तेव्हा ते वेगळाच प्रस्ताव घेऊन काकूंसमोर उभे राहिले. कापायचं नाही. पाठवणी करायची. घरात तीन भाडेकरू, तीन मोऱ्या. प्रत्येकाच्या मोरीवर एकेक लेक नांदायला द्यायची. उरलेल्या गावात, ओळखीच्या घरी. मुळासकट उचलायच्या, एकही मरू द्यायची नाही. काकू बराच वेळ भाजी चिरत राहिल्या. मग त्यांनी विचारलं की ओटीचं काय?

पुढचे आठ दिवस आमच्याकडे लगीनघाई होती. काकांनी तीन नवे खड्डे फोडले, पाट वळवले. रविवारी सकाळी काकूंनी प्रत्येक पिल्लाला हळदकुंकू लावलं, शेजारी नारळ आणि खण ठेवला, तांदळानं ओटी भरली, आणि मगच काकांनी पहारीनं ते हलक्या हातानं कंदापासून सोडवलं. एक सिस्टरांच्या मोरीवर गेलं, एक माझ्या, एक मास्तरांच्या. मास्तर म्हणजे हायस्कुलात गणित शिकवणारे, एकटे राहणारे गृहस्थ. त्यांनी हे सगळं हसण्यावारी नेलं होतं, पण खण-नारळासकट पिल्लू हातात आल्यावर ते गडबडले आणि सासरा कसा उभा राहतो तसे उभे राहिले. काकू रडल्या. काका नाक शिंकरायला विहिरीमागे गेले, ते आवाजावरून सगळ्यांना कळलं. मी पदवीधर बाई, असल्या गोष्टींना हसणारी, पण माझ्या खिडकीखाली ती हिरवी सुरळी उभी राहिली तेव्हा मला कुणीतरी घरी आल्यासारखं वाटलं.

त्यानंतर आम्हा भाडेकरूंची नावं केळींना चिकटली. "सिस्टरला नवं पान आलं", "मास्तर जरा पिवळा पडलाय", "कृषी बघ कशी फोफावलीय" अशी वर्दी रोज सकाळी अख्ख्या परसाला मिळायची. साबण कमी घालावा म्हणून रिठ्यांची पुडी प्रत्येकाच्या दाराशी आपोआप यायची. मास्तर, ज्यांनी हसण्यावारी नेलं होतं, ते दिवसातून दोनदा आंघोळ करायला लागले.

आणि मधली, आईची जागा, मोकळी झाली होती. एक आई, एक लेक. आई सहा महिन्यांत अशी जाड झाली की माझ्या दोन हातांत बुंधा मावेना.

एप्रिलमध्ये एका सकाळी कार्यालयात आमची बैठक चालू होती. साहेब खरिपाबद्दल बोलत होते. दारात खाकी चड्डी आणि पंचा दिसला. काकांनी कुणाकडे बघितलं नाही. हळू बोलायचा प्रयत्न केला, तरी ते शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेलं.

"चल. व्याली."

साहेबांना वाटलं माझ्या घरी कुणाचं बाळंतपण आहे. त्यांनी लगेच सोडलं. मी काकांच्या स्कूटरवर मागे बसले आणि ते घरापर्यंत भोंगा वाजवत गेले, वाटेत ज्यांनी केळ्यांचा भाव विचारला होता त्या प्रत्येक दुकानासमोर थोडा जास्त. परसात काकू पदर खोचून उभ्या होत्या. झाडाच्या माथ्यातून जांभळं केळफूल डोकावलं होतं. मी आयुष्यात हजारो केळफुलं पाहिली होती, परीक्षेत त्यांची आकृती काढली होती, आणि तरी मी पहिल्यांदाच बघत असल्यासारखी मान वर करून उभी राहिले. काकूंनी फुलाला कुंकू लावलं. मग त्या हळूच म्हणाल्या की आईला सांगायला हवं होतं. त्यांची आई जाऊन पंधरा वर्षं झाली होती.

काकांनी खुर्ची टाकली ती त्या केळीसमोर. एकेक पाकळी उलगडून फणी बाहेर आली की ते ओरडायचे आणि आम्ही सगळे हातातलं टाकून धावायचो. वानरांचा त्रास होऊ नये म्हणून हर्णैला दिलेल्या बहिणीकडून त्यांनी मासेमारीचं जुनं जाळं आणलं आणि घडाभोवती बांधलं. आठवडाभर घडाला सुकटाचा वास होता. सात फण्या झाल्या. काका येणाऱ्या-जाणाऱ्याला जाळं बाजूला करून दाखवायचे, कुणाला हात मात्र लावू द्यायचे नाहीत.

आणि मे महिन्यात वादळाची खबर आली.

होड्या किनाऱ्यावर ओढल्या गेल्या, शाळांना सुट्टी होतीच, कार्यालयानं आम्हाला घरी पाठवलं. सकाळी दहाला आकाश मळकट पिवळं झालं होतं आणि वारा अजून नुसता विचार करत होता. काकांनी अंगणात उभं राहून हाळी दिली, "सगळे डेकवर." रात्रपाळी करून झोपलेल्या सिस्टरसुद्धा उठून आल्या.

त्यांनी प्रत्येकाच्या हातात कोयता दिला. त्यांच्या वडिलांचा शिडाचा मचवा होता. वारं यायच्या आधी काय करायचं हे ते चालायला लागल्यापासून बघत आले होते. पान म्हणजे शीड, ते म्हणाले, शीड उतरवलं की बोट वाचते. आम्ही आपापल्या केळींची पानं उतरवली. माझीच सगळ्यांत डौलदार होती. तरी मी तिचं पहिलं पान कापलं. अर्ध्या तासात परसात तीन बोडके खांब उभे राहिले.

मधल्या केळीपाशी मात्र काका कोयता घेऊन नुसतेच उभे राहिले. घड भरत होता, केळी अजून करंगळीएवढी.

"कृषी, बोल," ते म्हणाले. पहिल्या दिवसासारखंच, पण आवाज नव्हता.

जे खरं होतं ते मी सांगितलं. पानं कापली तर घड पोसणार नाही, केळी अशीच बारीक राहतील. ठेवली तर झाड पडेल. दोन्ही मिळायचं नाही. हे सांगताना मला त्या पदवीचा राग आला. सहा वर्षांची बढाई, तीस वर्षांची वाट, आणि त्या माणसाच्या हातात कोयता. पहिल्यांदाच मला ते म्हातारे दिसले.

काकू पायरीवरून उतरून आल्या. त्यांना एवढं सलग बोलताना मी आधी किंवा नंतर कधी ऐकलं नाही.

"कापा," त्या म्हणाल्या. "केळी बाजारात मिळतात. प्रत्येक वादळात मी एकटी खिडकीत उभी राहून हिला मोडताना बघितलीय आणि तुमची बोट कुठं असेल म्हणून देव पाण्यात घातलेत. मला घड नको. एकदा ही उभी राहिलेली बघायचीय."

काकांनी पानं उतरवली. घडावर सावली धरणारी दोन तेवढी ठेवली. मग दोर काढले. एक दोर खिडकीच्या गजाला, एक विहिरीच्या खांबाला, एक आंब्याला. अशा गाठी की सुटायच्या नाहीत आणि हव्या तेव्हा एका झटक्यात सुटतील. समुद्राच्या बाजूला मात्र बांधायला काहीच नव्हतं, नुसता कातळ. चौथा दोर त्यांनी स्वतःच्या कमरेला गुंडाळला, काकूंनी छत्तीस वर्षांपूर्वी फोडलेल्या कातळाच्या कडेला टाचा रोवल्या आणि ते बसले.

दुपारी एकला वारं आलं. मी असलं वारं पाहिलं नव्हतं. मास्तरांच्या खोलीवरचा पत्रा उडाला तो आम्ही जाताना बघितला, पडल्याचा आवाज आला नाही. पाऊस आडवा. केळ वाकायची, दोर ताणायचा, काका कातळावरून फरफटत पुढे जायचे आणि पुन्हा मागे रेटून बसायचे. काकू उठल्या, भिजत गेल्या आणि त्यांच्या मागे बसून त्यांनी दोराचं टोक धरलं. त्यांच्यामागे मी. माझ्यामागे सिस्टर, मग मास्तर, धोतर सावरत. पाच माणसं एका केळीसाठी चिखलात ओळीनं बसली होती आणि काका पुढून "खेच" आणि "ढील" ओरडत होते. काय सांगू, मी घाबरले नव्हते. मला आनंद झाला होता. काकूंना तर हसू फुटलं होतं, त्यांचे खांदे हलताना मला मागून दिसत होते.

पाच वाजता वारं बसलं. आंबा एका बाजूनं फाटला होता, विहिरीचा रहाट गेला होता. चार बोडक्या केळी उभ्या होत्या, मधलीवर घड, घडावर जाळं. काकांची बोटं दोराभोवती तशीच वळलेली राहिली. काकूंनी खोबरेल चोळून एकेक सरळ केलं आणि सगळं होईपर्यंत दोघंही त्या केळीकडे बघत होते.

मी म्हटलं तसंच झालं. घड भरला नाही. केळी अंगठ्याएवढीच राहिली. तांदळाच्या डब्यात पिकवली, देवाला दाखवली, लेकी दिलेल्या घरी वाटली, आमच्या प्रत्येकाच्या वाट्याला दोन आली. गोड होती, साल कागदासारखी. काकांनी आपली दोन्ही एकाच घासात खाल्ली आणि स्कूटर काढून तीन दुकानदारांना एकेक नेऊन दिलं. भाव विचारू नका म्हणाले.

पुढच्या वर्षी गावाकडे माझ्या आईला एकटी ठेवणं जमेना म्हणून मी बदली मागून माझ्या जिल्ह्यात आले. निघायच्या दिवशी काकूंनी माझी ओटी भरली आणि ओल्या गोणपाटात एक पिल्लू बांधून दिलं, ते आता आमच्या मोरीवर आहे. काका निरोप द्यायला अंगणात आलेच नाहीत. रिक्षात बसताना माझ्या खिडकीखालून त्यांचा आवाज आला, "चालली गो ती. तू रडू नकोस. पाणी मी घालीन."

परवा मी कार्यालयात असताना फोन आला. काकांचा नंबर, पण माझ्याशी कुणी बोलेना. पलीकडे वारा वाजत होता आणि ते नेहमीच्या आवाजात दुसऱ्याच कुणाशी बोलत होते, "सांगू काय तिला? तूच सांग. ती नवी भाडेकरीण आंघोळीला आळशी, तरी तू व्यालीस. आठ फण्या म्हणावं. पानं सगळी शाबूत. म्हणावं, ये."

मी लगेच रजेचा अर्ज लिहायला घेतला. कारणाच्या रकान्यात आधी 'वैयक्तिक' लिहिलं होतं, ते खोडून 'कौटुंबिक' लिहिलं. साहेबांनी विचारलं, काय आहे घरी? मी म्हटलं, बाळंतपण.

आज संध्याकाळची गाडी आहे. पिशवीत खण आहे, तांदूळ आहेत आणि एक नारळ. रत्नागिरीला नारळ घेऊन जाणारी मी एकटीच असेन, पण या वेळी ओटी माझ्याकडून आहे.